चष्म्याचं दुकान, रील्सवाली एजन्सी आणि बाबांची वही

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यातल्या नौपाड्यात वडिलांचं चष्म्याचं दुकान, पस्तीसेक वर्षांचं. आधी पेपरात पत्रकं टाकायचे, गणपती-दिवाळीला केबलवर पट्टी फिरवायचे. आता गिऱ्हाईक रोडावलंय, समोर मोठ्या चेनचं शोरूम आलंय आणि एक एजन्सी म्हणतेय महिना ४० हजार द्या, बारा रील्स करतो आणि अ‍ॅड्स पण आम्हीच बघतो. बाबा म्हणतात ही सगळी थेरं आहेत. मुलगी विचारतेय की मोबाईलमुळे जाहिरात खरंच एवढी बदललीय का, की नुसती हवा आहे, आणि पेपर-टीव्हीसारख्या मीडियाचं काय झालं.

तू म्हटलं तर चालेल ना, माझी मुलगी तुझ्याच वयाची असेल. मी ह्या धंद्यात १९९७ पासून आहे, जांभळी नाक्याजवळच्या एका पेंटरकडून कापडी बॅनर लिहून घेण्यापासून सुरुवात केली, मग फ्लेक्स आलं आणि तो पेंटर घरी बसला, मग एसेमेस, मग फेसबुक, आता हे सगळं. त्यामुळे तुझ्या बाबांची बाजू मला कळते आणि तुझीही कळते. पण तुम्ही दोघं ज्या गोष्टीवर भांडताय ती मला वाटतं मुद्द्याची नाहीच. पत्रक की रील हा प्रश्न नाहीये. गिऱ्हाईक एकदा दुकानात येऊन गेलं की त्याचा पत्ता कोणाकडे राहतो, हे बदललंय. ते जरा सविस्तर सांगतो.

पत्रकाचं आधी. पहाटे साडेचार-पाचला पेपरवाल्यांची लाइन फुटपाथवर बसायची, पोरं उकिडवी बसून मेन पेपरात पुरवणी आणि पुरवणीत आमचं पत्रक सारायची, हात असे चालायचे की बघत राहावं. पाच हजारांचा गठ्ठा दिला की त्यातले किती घरात गेले, किती रद्दीत गेले हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मी एकदा खात्री करायला स्वतः जाऊन बसलो, तर आमच्या पत्रकासोबत दोन क्लासवाले आणि एक पडदेवाला, सगळे एकाच पेपरात, आणि पेपर उघडला की सगळे एकदम जमिनीवर. तरी दुकानं चालायची बरं का! कारण तेव्हा नौपाड्यातला माणूस नौपाड्यातच चष्मा करायचा, पत्रकाचं काम फक्त आठवण द्यायचं होतं. मग २०२०च्या लॉकडाऊनमध्ये सोसायट्यांनी पेपर गेटवरच अडवला, आणि बऱ्याच घरांत तो जो बंद झाला तो परत सुरूच झाला नाही. तुमची पत्रकं तिथेच संपली, रील्सने नाही संपवली.

मधला एसेमेसचा काळ लोक विसरले पण शिकण्यासारखं सगळं त्यातच होतं. आम्ही बल्क एसेमेस, म्हणजे एकच मेसेज एकदम ढीगभर लोकांना, पाठवायचो, स्वस्तात मस्त. एका दिवाळीला एका सराफासाठी मी हौसेने मराठीत शुभेच्छा लिहिल्या, छान दीडशे अक्षरांचा मेसेज, आणि बिल आलं तिप्पट. का, तर इंग्रजी लिपीत एका एसेमेसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०, आणि मेसेज त्याहून लांब झाला की जोडाजोडीत प्रत्येक तुकड्यात ६७च उरतात. शिवाय काना-मात्रा-वेलांटी सगळं वेगळं मोजतो फोन, तुला ‘शुभेच्छा’ तीन अक्षरी दिसतो ना, मशीन त्याला आठ मोजतं. एवढं करून निम्म्या लोकांच्या हँडसेटवर नुसते चौकोन दिसले. मग २७ सप्टेंबर २०११ला ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नियम लागू झाले, डीएनडीतल्या (‘जाहिराती नकोत’ म्हणून नोंदवलेल्या) नंबरांना प्रमोशनल मेसेज बंद, रात्री ९ ते सकाळी ९ सगळ्यांनाच बंद, आणि विकत घेतलेल्या नंबरांच्या याद्यांवर चाललेली आमच्यातली निम्मी दुकानदारी रातोरात बसली. ज्यांच्याकडे स्वतःच्या गिऱ्हाइकांचे, विचारून घेतलेले नंबर होते त्यांना काही फरक पडला नाही. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

मग ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं. त्याआधी लोक १ जीबी महिनाभर पुरवून पुरवून वापरायचे, फोटो डाउनलोड करायला वायफाय शोधायचे. काही महिने डेटा फुकट मिळाला आणि पाहता पाहता रिक्षावाला, वॉचमन, आमची आई, सगळे व्हिडिओ बघायला लागले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय आलं होतं, नोव्हेंबरात नोटबंदी. म्हणजे बघणं, विचारणं आणि पैसे देणं हे तिन्ही एकाच यंत्रात, खिशातल्या. पूर्वी बॅनर बघितला तलावपाळीला, दुकानात गेलो रविवारी, ह्यात पाच दिवस मध्ये जायचे, त्या पाच दिवसांत माणूस विसरायचा किंवा बायकोला विचारायचा. आता बघितल्यापासून पैसे जाईपर्यंत दोन मिनिटं. तुमच्या समोरच्या चेनला खरा फायदा ह्याचा झाला, शोरूमच्या एसीचा नाही.

पण ह्या मधल्या जागेत आता कोण उभं आहे बघ. तुझ्या दुकानासमोरून जाणारा माणूस फोनमध्ये बघत चाललाय, त्या फोनमध्ये तुला दिसायचं असेल तर भाडं भरावं लागतं, आणि ते भाडं लिलावाने ठरतं. हे खूप लोकांना माहीतच नसतं. फेसबुक-इन्स्टाची जाहिरात म्हणजे पेपरसारखं रेटकार्ड नाही की इतक्या सेंटीमीटरला इतके. प्रत्येक वेळी कोणी स्क्रीन सरकवली की तेवढ्या क्षणात लिलाव होतो, नुसती बोली नाही तर समोरचा माणूस ती जाहिरात दाबेल का ह्याचा अंदाजही त्यात धरतात. दिवाळीच्या आधीचे दहा-पंधरा दिवस मोठ्या ऑनलाइन कंपन्या सेलसाठी पैसे ओततात, त्या गर्दीत नौपाड्यातला चष्मेवाला २०० रुपये रोज घेऊन उभा राहिला तर त्याला कोण विचारतो. म्हणून मी माझ्या लहान क्लायंटना सांगतो दिवाळीत गप्प बसा, जूनमध्ये जाहिरात करा. शाळा सुरू होतात, फळ्यावरचं दिसत नाही म्हणून बाई चिठ्ठी पाठवतात, आईबापांच्या डोक्यात तेव्हा तोच विषय असतो, आणि लिलावात गर्दीही कमी. एजन्सीने तुला हे सांगितलं का? बारा महिने बारा-बारा रील्स म्हणजे जेवणाऱ्याला भूक आहे का न विचारता वाढत सुटणं.

नकाशाचं गोल वर्तुळ हा माझा आवडता विषय. अ‍ॅड लावताना दुकानावर पिन टाकून भोवती किलोमीटरचं वर्तुळ काढता येतं, एजन्सीवाले ते दाखवून दुकानदाराला गार करतात, बघा साहेब फक्त तुमच्या एरियात दिसणार. कासारवडवलीच्या एका जिमवाल्याचं काम माझ्याकडे आलं, आधीच्या माणसाने छान तीन-चार किलोमीटरचं वर्तुळ काढलेलं. घोडबंदर रोड माहितीये ना, एका अंगाला येऊरचं जंगल, दुसऱ्या अंगाला खाडी. वर्तुळात एका बाजूला बिबटे आणि दुसऱ्या बाजूला खाडीपलीकडची भिवंडी तालुक्यातली गावं, तिथला माणूस जिमला यायला होडी करणार का? बिबट्यांवर पैसे जात नाहीत हे खरं, कारण त्यांच्याकडे फोन नाही. पण खाडीपलीकडच्यांवर जातात, आणि हायवेने बोरिवलीला निघालेल्यांवरही जातात, कारण पूर्वी ‘इथे राहणारे’ एवढेच निवडायची सोय होती ती आता काढून टाकलीय, नुकते तिथून गेलेलेही धरतात. तीन हात नाक्याला सिग्नलला अडकलेला माणूस तुझ्या वर्तुळात ‘लोकल’ होऊ शकतो. गोल काढण्यापेक्षा पिनकोड आणि सोसायट्यांचे पट्टे धरून छोटे छोटे तुकडे करावे लागतात, कंटाळवाणं काम आहे, बारा रील्सच्या पॅकेजमध्ये ते कोणी करत नाही.

तुमचं मात्र उलटं आहे. नौपाडा म्हणजे स्टेशनचं पाणी, कळवा-मुंब्र्याचा माणूस, वागळे इस्टेटला कामाला जाणारा, मुलुंडचा, सगळे गोखले रोड-राम मारुती रोडवरून वाहतात. तुम्हाला वाटसरू हवाच आहे. आणि वाटसरू रील बघून येत नाही, तो चष्म्याची दांडी तुटली की उभ्या उभ्या फोनमध्ये ‘चष्म्याचं दुकान जवळ’ असं बोलतो. म्हणून पहिलं काम फुकटातलं आहे, गूगलवरची दुकानाची प्रोफाइल. मी तुझा प्रश्न वाचून नौपाड्यातली अशी पाच-सहा जुनी दुकानं शोधून पाहिली (तुमचं त्यात होतं की नाही माहीत नाही), दोघांची पिन मागच्या गल्लीत, एकाचा नंबर लँडलाइनचा जो लागत नाही, एकाची वेळ ‘२४ तास उघडं’. रात्री दोनला चष्मा करायला कोण येणार होतं देव जाणे. वेळा, सुट्टीचा वार, दुकानाचं नाव मराठीत आणि इंग्रजीत, दुकानाच्या पाटीचा खरा फोटो, दाराशी खूण कुठली ते, एवढं केलं तरी फोन वाजायला लागतो. रिव्ह्यू विकत घेऊ नकोस, कोणीतरी फोन करेलच की शंभर फाइव्ह स्टार देतो म्हणून. एकाच आठवड्यात नागपूर-पाटण्याच्या लोकांनी नौपाड्याच्या दुकानाचं कौतुक केलं की वाचणाऱ्यालाही कळतं आणि गूगललाही.

आता रील्स. मी विरोधात नाही, स्वतः करतो. पण २९ जून २०२०ला टिकटॉक बंद झालं तेव्हा ठाण्यातलीच दोन पोरं माझ्या ओळखीची होती, लाखांत फॉलोअर, छोट्या दुकानांच्या जाहिराती करून चांगले पैसे मिळवायची. सकाळी उठले तर सगळं शून्य. फॉलोअर त्यांचे नव्हतेच, ते त्या अ‍ॅपचे होते. लगेच जुलैत इन्स्टाने रील्स आणलं, एकाने तिथे नव्याने सुरुवात केली, दुसरा आता इस्टेट एजंट आहे. शिवाय रीलला व्ह्यू मिळतात ते कुठले मिळतात हे बघ. माझ्या एका भांडीवाल्याचं पितळेच्या कल्हईचं रील तुफान चाललं, आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो, कमेंट बघितल्या तर लातूर, बेळगाव, दुबई, ‘दादा कुरिअर करता का’. दुकानात त्या महिन्यात एकही माणूस त्या रीलमुळे आला नाही. चष्म्याचं रील करायचंच असेल तर बाबांना बसव, लेन्स फ्रेमला बसवण्याआधी कडा कशी घासतात, दांडी चेहऱ्याप्रमाणे कशी गरम करून वाकवतात, ते त्यांच्या हातांनी दाखवू दे, फोन स्टँडला लाव आणि झालं. आणि एआयचा आवाज लावू नकोस, हल्ली सगळे लावतात, ‘चांगला’ आणि ‘जागा’ असे हिंदी उच्चारात म्हणतो की ठाण्यातला माणूस दुसऱ्या सेकंदाला पुढे सरकतो.

मीडियाचंही तू विचारलंयस, ते पटकन. फिक्की ही उद्योजकांची संघटना आणि ईवाय ही सल्लागार कंपनी, त्यांच्या अहवालाप्रमाणे २०२४मध्ये डिजिटलने कमाईत टीव्हीला मागे टाकलं, म्हणजे जाहिरातीचा पैसा कुठे चाललाय ते स्पष्ट आहे. पेपरच्या ठाणे पुरवण्या मला वाटतं अजून बिल्डरांच्या जिवावर उभ्या आहेत, आणि त्याही जाहिरातीत १ ऑगस्ट २०२३पासून महारेराने, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, क्यूआर कोड सक्तीचा केलाय, छापलेल्या पानावरून माणूस थेट प्रोजेक्टच्या सरकारी माहितीवर जातो, मला तो छापील आणि मोबाईलचा सगळ्यात चांगला संसार वाटतो. छोट्या जाहिराती, शुभेच्छा, ‘आमची कोठेही शाखा नाही’, ते सगळं पेपरातून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर गेलं. त्याबरोबर पालिकेच्या सभेत तीन तास बसून बातमी आणणाऱ्या वार्ताहराचा पगारही गेला, ह्याचं मला वाईट वाटतं, आपणच जाहिरातवाल्यांनी ते केलं. त्या जागी इन्स्टावर शहराची पेजेस आलीत, ट्रॅफिक, पाऊस, पाणी बंद, आणि मध्येच बिर्याणीचं कौतुक जे फुकट नसतं. एएससीआय ही जाहिरातवाल्यांचीच स्वनियमन संस्था, तिचा २०२१पासून नियम आहे की पैसे घेऊन केलेलं असेल तर तसं स्पष्ट लिहा. किती जण लिहितात ते तूच बघ. तुम्ही अशा पेजला पैसे दिलेत तर लिहायला लावा, चष्मा ही विश्वासाची वस्तू आहे, उगाच लपवाछपवी कशाला.

आता मुख्य. बाबांची वही. चष्मेवाल्यांकडे असते ती, लांबडी, नाव, फोन, उजवा डोळा, डावा डोळा, स्फेरिकल, सिलिंडर, अ‍ॅक्सिस आणि शेवटी एक रकाना ‘अ‍ॅड’. आमच्या धंद्यात अ‍ॅड म्हणजे जाहिरात, तुमच्यात जवळचं वाचायचा जादाचा नंबर, आणि गंमत म्हणजे तुमच्या त्या अ‍ॅडच्या रकान्यात आमच्या सगळ्या अ‍ॅडपेक्षा जास्त माहिती आहे. चाळिशी लागली की माणूस पेपर लांब धरायला लागतो, पहिला नंबर लागतो +१ च्या आसपास, मग दर काही वर्षांनी तो थोडा थोडा वाढत पन्नाशी-पंचावन्नला +२ च्या पुढे. म्हणजे वहीत ज्याचा २०२१ला +१.२५ आहे त्याला आज वाचताना त्रास होत असणार हे तुला त्याच्या आधी माहितीये. ज्या मुलाचा मागच्या वर्षी -१.५० होता त्याचा नंबर वाढत्या वयात वर्षभरात परत तपासायला हवा. समोरच्या मोठ्या चेनने हेच केलंय, फक्त त्यांची वही सर्व्हरवर आहे. फेसबुकला ‘४०च्या वरचे, नौपाडा’ एवढं सांगण्यासाठी तू महिना ४० हजार देणार, आणि नाव-नंबरासकट यादी गल्ल्याखालच्या खणात पडलीय.

पण सरळ उचलून सगळ्यांना मेसेज टाकू नकोस. ते नंबर लोकांनी ‘चष्मा तयार झाला की फोन करा’ म्हणून दिलेत, शिवाय डोळ्याचा नंबर ही तब्येतीची माहिती आहे. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याचा गाभा हाच, की ज्या कामासाठी माहिती घेतली त्याहून वेगळ्या कामाला वापरायची तर विचारा. त्यामुळे बाबांनी एकेकाला फोन करावा, रोज दुपारी दुकान रिकामं असतं तेव्हा दहा. ‘नंबर काढून चार वर्षं झाली, एकदा तपासून जा, आणि पुढच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण केली तर चालेल का?’ हो म्हणाला की वहीत टिक. व्हॉट्सअ‍ॅपचं बिझनेस अ‍ॅप फुकट आहे, दुकानाचा वेगळा नंबर घे, त्यात ब्रॉडकास्ट यादी (एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो ती) २५६ जणांची होते आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते. म्हणून चष्मा देताना घरावर, म्हणजे चष्म्याच्या त्या डबीवर गं, दुकानाच्या फोन नंबराचा स्टिकर लाव आणि तिथेच त्यांच्याकडून सेव्ह करून घे. यादी हजारांत गेली की मग पैसे मोजून पाठवायची सोय आहे, एका मेसेजला साधारण रुपयाच्या आसपास पडतं, पण तेव्हाचं तेव्हा. आणि मेसेजमध्ये कधीही डोळ्याचा नंबर लिहू नकोस, घरात कोण कोणाचा फोन बघेल सांगता येत नाही, नुसतं ‘तपासणीची वेळ झाली’.

वहीत अजून एक रकाना वाढव, ‘कसं कळलं’. प = पाटी बघून, ग = गूगल, ज = जुनं गिऱ्हाईक, र = रील. प्रत्येकाला विचारायचं आणि अक्षर लिहायचं. एजन्सीचा रिपोर्ट वीस पानी रंगीत येईल, रीच, इंप्रेशन, एंगेजमेंट, त्याच्याशेजारी ही चार अक्षरं ठेवून बघ महिन्याच्या शेवटी.

एजन्सीला नाही म्हण असं मी म्हणत नाही. विचार त्यांना, ४० हजारांतले प्रत्यक्ष जाहिरातीला किती आणि तुमची फी किती, १८ टक्के जीएसटी ह्यात की वर. आणि पेज, अ‍ॅड अकाउंट, गूगल प्रोफाइल कोणाच्या ईमेलवर राहणार. वागळे इस्टेटच्या माझ्या एका क्लायंटचं पेज त्यांच्या जुन्या एजन्सीतल्या पोराच्या आयडीवर होतं, पोरगा नोकरी सोडून गेला, फोन उचलेना, सात वर्षांचे फोटो आणि गिऱ्हाइकांचे मेसेज सगळं गेलं. सगळं दुकानाच्या ईमेलवर उघड आणि एजन्सीला फक्त वापरायची परवानगी दे, चांगली एजन्सी त्याला कधी नाही म्हणत नाही. मी असतो तर पहिले तीन महिने त्यांना द्यायच्या पैशांतले फार तर आठ-दहा हजार जून-जुलैत गूगलवर घातले असते आणि बाकी बाबांना एक हेल्पर दिला असता, फोन करायला वेळ मिळावा म्हणून.

आणि हो, आजच्या आज त्या वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढ. २६ जुलै २००५ला आमच्या तळमजल्याच्या ऑफिसात गुडघाभर पाणी आलं होतं, कॉम्प्युटर वर ठेवले आम्ही सगळ्यांनी मिळून, आणि गिऱ्हाइकांच्या याद्यांच्या फाइली खालच्या कप्प्यात राहिल्या, शाईच्या. दुसऱ्या दिवशी उघडल्या तर निळं पाणी. तुमचं दुकान रस्त्याच्या खाली आहे का वर?